‘गारठा आहे, नाही?’ : इंग्रजांच्या हवापाण्याच्या गप्पा कशा चालतात

इंग्लंडला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींचे पहिल्या महिन्यातले फोन बहुतेकदा एकाच सुरात असतात. “सगळे फार गोड बोलतात गं आई, पण कुणी बोलतच नाही.” शेजारी रोज हसून ‘मॉर्निंग’ म्हणतो, थंडीबद्दल दोन वाक्यं टाकतो आणि दार लावून घेतो. ऑफिसातली सहकारी ‘आपण एकदा जेवायला भेटायलाच हवं’ म्हणते. महिना उलटतो, जेवण काही होत नाही. साहेब प्रस्ताव वाचून ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणतात, आणि पुढच्या बैठकीत कळतं की तो त्याच दिवशी बाद झाला होता.

हा गोंधळ आता आणखी लोकांच्या वाट्याला येणार असं दिसतं. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, ऑक्टोबरात पंतप्रधान कीर स्टार्मर मोठं शिष्टमंडळ घेऊन मुंबईत येऊन गेले, ब्रिस्टलसारख्या विद्यापीठांनी मुंबईत शाखा काढायचं ठरवलंय. करारातल्या आयात शुल्काचा अर्थ सांगणारे लेख ढिगाने आले. समोरचा इंग्रज आपल्या कामाला ‘नॉट बॅड’ म्हणाला तर खूश व्हायचं की घाबरायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

एक खुलासा आधीच करतो. इथे इंग्रज म्हणजे इंग्लंडचे लोक. स्कॉटिश, वेल्श आणि आयरिश लोकांच्या बोलण्याच्या रीती निराळ्या आहेत, आणि ग्लासगोच्या माणसाला इंग्रज म्हणालात तर संभाषण हवामानापर्यंतही पोचणार नाही.

### बोलण्यात माहिती नसेल, तर असतं काय?

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा पोलिश मानववंशशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहत होता. तिथल्या लोकांचं बोलणं टिपताना त्याच्या लक्षात आलं, की त्यातला बराच भाग कुणाला काही कळवण्यासाठी नसतोच. पुढे तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागला आणि १९२३ साली एका निबंधात त्याने अशा बोलण्याला नाव दिलं: ‘फॅटिक कम्युनियन’. ज्यात माहितीला फारसं महत्त्व नसतं आणि नुसत्या शब्दांच्या देवाणघेवाणीने माणसं जोडली जातात, असं बोलणं. नाव जड आहे, आपण पुढे त्याला वरवरच्या गप्पाच म्हणू. मॅलिनोव्स्कीने दिलेल्या नमुन्यांत ‘कुठून आलात?’च्या पंगतीलाच ‘आज हवा छान आहे’ हे वाक्य आहे. त्याचं आणखी एक निरीक्षण महत्त्वाचं: अनोळखी माणूस गप्प उभा राहिला की मनात धास्ती वाटते. दोन शब्द बोलला की ती जाते, मग ते शब्द कुठलेही असोत.

जुन्या घरांत पाहुणा आला की आधी पानसुपारीचं तबक पुढे यायचं. कुणाला भूक लागली म्हणून ते येत नसे, आणि त्यातल्या सुपारीच्या दर्जावर कुणी चर्चाही करत नसे. तबक पुढे करणं आणि त्यातलं काहीतरी उचलणं, एवढ्याने दोन्ही बाजू निर्धास्त व्हायच्या. इंग्रजांचं हवामान त्या तबकात बसतं.

आपल्याकडेही हे रोज चालतं. “कुठे निघालात?” “हे काय, इथेच.” या उत्तरात कणभर माहिती नाही आणि कुणाला हवीही नसते. म्हणून ‘यू ऑलराइट?’ असं कुणी विचारलं की आपण आजारी दिसतोय की काय, या शंकेने आरशात बघायचं कारण नाही. ‘नॉट टू बॅड, यू?’ म्हणायचं आणि चालत राहायचं. उत्तराची वाट न पाहता विचारणारा पुढे गेलेला असतो, त्यात अपमान धरू नये.

### पण हवाच का?

हा प्रश्न जुना आहे. इंग्रजी शब्दकोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५८ मध्ये एका साप्ताहिकात लिहिलं होतं, की दोन इंग्रज भेटले की आधी हवेबद्दल बोलतात. गरम आहे की गार, ऊन आहे की ढग, हे दोघांनाही आधीच माहीत असतं, तरी एकमेकांना सांगायची घाई असते. जॉन्सन यांना त्यात वावगं वाटलं नाही. ज्या देशात आभाळाचा भरवसा नाही तिथे माणसं आभाळाबद्दल बोलणारच, असं त्यांचं म्हणणं.

भूगोल त्यांच्या बाजूने आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला युरोपचा भूखंड, आणि डोक्यावर उत्तरेची थंड हवा दक्षिणेच्या उबदार हवेला भिडते ती सीमा. कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडून एकामागोमाग येतात. सकाळी ऊन, दुपारी भुरभुर, संध्याकाळी वारा. ‘लंडनला सतत धो धो पाऊस’ ही आपली समजूत मात्र खोटी. लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे पुण्याहून कमी. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. फरक असा, की आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करतो आणि त्यांचा बारा महिने थोडा थोडा रेंगाळतो. मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्यासाठी पावसाची गोष्ट जिवाची असते. इंग्लंडात हवा बदलते भरपूर, पण बहुतेक वेळा कुणाचं वाटोळं करत नाही. बोलायला रोज नवं काहीतरी आणि भांडायला काहीच नाही, असा विषय दुसरा कुठे मिळणार?

जॉन्सन यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी केट फॉक्स या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्याच समाजाचा अभ्यास केला आणि उलट निष्कर्ष काढला: हे बोलणं हवेबद्दल नसतंच. पुरावा वाक्याच्या शेपटीत आहे. ‘कोल्ड, इझन्ट इट?’ त्या ‘इझन्ट इट’ला उत्तर हवंय, आणि उत्तर ठरलेलं आहे: ‘येस, इझन्ट इट!’ तिथे ‘छे, मला तर बरं वाटतंय’ म्हटलं की समोरचा क्षणभर थबकतो. तुम्ही तापमानाबद्दल मत दिलंत. त्याने मत विचारलंच नव्हतं, फक्त तबक पुढे केलं होतं. खरंच थंडी आवडत असेल तर ‘हो ना, पण मला आपली आवडते’ असं आधी होकार देऊन म्हणावं. कितीही वाईट हवा असली तरी ‘निदान पाऊस तरी नाही’ म्हणता येतं. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश सेल्सियस नोंदलं गेलं, देशातला आजवरचा उच्चांक. त्या आठवड्यात विदर्भातून गेलेल्या माणसाने ‘आमच्या नागपूरला हे काहीच नाही’ म्हणणं खरं असलं, तरी नियमात बसत नव्हतं.

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. हवेने विषय पुरवला, समाजाने त्याचा उपयोग शोधला.

### आब राखायच्या दोन रीती

आता गाभ्याकडे येऊ. पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी १९७८ मध्ये सौजन्याचा एक सिद्धांत मांडला. त्यासाठी त्यांनी तीन भाषा शेजारी ठेवल्या: इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ. त्यांचं म्हणणं सोपं आहे. प्रत्येक माणसाला आपला आब राखला जावा असं वाटतं, आणि त्या आबाला दोन बाजू असतात. एक, लोकांनी मला आपलं म्हणावं. दोन, लोकांनी माझ्या वाटेत येऊ नये. दोन्ही इच्छा सगळ्यांच्याच मनात असतात, पण कुठली आधी जपायची हे समाजासमाजात बदलतं.

आपण पहिली बाजू आधी जपतो. आगगाडीत समोर बसलेल्या कुटुंबाशी कल्याणपासून बोलणं सुरू झालं की इगतपुरीपर्यंत गाव, आडनाव, मुलगा काय करतो, पगार किती, लग्नाचं बघताय का, सगळं होतं. मनमाडला डबा उघडतो. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, आणि न विचारणारा शिष्ट ठरतो. इंग्रज दुसरी बाजू आधी जपतात. तिथे न विचारणं हा मान आहे. पगार, घराचं भाडं, वय, मूल का नाही, मत कुणाला दिलं, देवावर विश्वास आहे का, यातलं काहीही नव्या ओळखीत विचारत नाहीत. पबच्या काउंटरशी दोन माणसं तासभर मजेत बोलतात आणि नावं न सांगता निघून जातात. नाव विचारणं हीसुद्धा जवळीक, ती अखेरीला, जमलंच तर.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची कोडी आपोआप उलगडतात. ‘माफ करा, त्रास देतोय, पण जमलं तर जरा खिडकी लावता का’ एवढी लांबण का? कारण दुसऱ्याच्या वाटेत आल्याची भरपाई करायची आहे. धक्का ज्याला बसला तोच ‘सॉरी’ का म्हणतो? दोघं एकमेकांच्या वाटेत आले, आणि मिटवून टाकायचं आहे. निघताना ‘आता तुम्हाला तुमची कामं करू देतो’ असं का म्हणतात? निघायचं असतं त्यालाच, पण समोरच्याचा वेळ आपण खाल्ला, असा दोष स्वतःकडे घेऊन तो उठतो. उठण्याआधी दोन्ही गुडघ्यांवर हात आपटून ‘राइट!’ म्हणतो, तो हात पडला की यजमानाने कोट आणायला जायचं असतं.

इंग्रजांचं वरवरचं बोलणं असं रचलेलं असतं, की समोरच्याला हवं तेव्हा, काहीही न सांगता, कुणाचंही मन न दुखवता त्यातून निसटता यावं.

### राणीचा प्रश्न आणि राजवाड्यातला प्रश्न

दुसऱ्या एलिझाबेथ राणीने सत्तर वर्षांच्या कारकिर्दीत लाखो अनोळखी लोकांशी हस्तांदोलन केलं. तिचा ठेवणीतला प्रश्न प्रसिद्ध होता: ‘हॅव यू कम फार?’ लांबून आलात का? ऐकायला बावळट वाटतो, पण नीट बघा. त्याला चुकीचं उत्तरच नाही. घाबरलेला माणूस ‘नो, मॅम’ एवढंच म्हणून सुटू शकतो. बोलायची हौस असलेला कॉर्नवॉलहून निघाल्यापासूनची गाडी, पाऊस, चुकलेलं वळण सगळं सांगू शकतो. किती उघड करायचं हे सर्वस्वी उत्तर देणाऱ्याच्या हातात.

तिच्या निधनानंतर तीनच महिन्यांनी, २९ नोव्हेंबर २०२२ ला, बकिंगहॅम राजवाड्यात एक समारंभ झाला. साठ वर्षं राणीच्या खास सेवेत राहिलेल्या लेडी सुझन हसी तिथे होत्या. इंग्लंडात जन्मलेल्या, एक सामाजिक संस्था चालवणाऱ्या कृष्णवर्णीय एनगोझी फुलानी यांना त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? फुलानी यांनी इथलीच असं सांगितल्यावरही त्या विचारत राहिल्या: नाही, म्हणजे मूळच्या कुठल्या? तुमची माणसं कुठली? दुसऱ्याच दिवशी लेडी हसी यांना पद सोडावं लागलं. पुढे त्यांनी फुलानी यांना भेटून माफीही मागितली.

आपल्याला हे वाचून जरा चुकचुकायला होतं, कारण ‘मूळचे कुठले?’ हा आपला हक्काचा प्रश्न. पुण्यात चार पिढ्या काढलेल्यालाही आपण तो विचारतो आणि तो खुशीने कोकणातलं गाव सांगतो. राजवाड्यात बिनसलं ते वेगळ्या कारणाने. राणीच्या प्रश्नाला दोन शब्दांत संपवता येत होतं. हसी बाईंच्या प्रश्नातून उत्तर देऊनही सुटका नव्हती, आणि वर ‘तू इथली नाहीस’ हा अर्थ त्यात शिरला होता. परदेशात दुसऱ्या भारतीय चेहऱ्याच्या माणसाला भेटल्यावर आपणही हा प्रश्न जपून विचारावा. लेस्टरमध्ये जन्मलेल्या मुलीला तो आयुष्यभर पुरलेला असतो.

### कमी बोलून जास्त सांगणं

नवख्याला सगळ्यात महाग पडते ती उणं करून बोलायची सवय. मोठी गोष्ट लहान करून सांगणं, म्हणजे ऐकणाऱ्यावर तिचं ओझं पडत नाही.

२४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं नऊ क्रमांकाचं विमान जावा बेटावरून जात होतं. लंडनहून न्यूझीलंडला जाणारं हे विमान वाटेत मुंबईलाही थांबलं होतं. गालुंगगुंग ज्वालामुखीची राख आत गेली आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना जे सांगितलं त्याचा मतलब असा: आपल्यापुढे एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय, आपण फार चिंतेत नसाल अशी आशा आहे. इंजिनं पुन्हा चालू झाली, विमान जकार्ताला सुखरूप उतरलं आणि ती ‘छोटीशी अडचण’ अजरामर झाली.

दुसरी हकीकत इतकी गोड नाही. एप्रिल १९५१, कोरियातलं इमजिन नदीवरचं युद्ध. ब्रिटिश सैन्यातल्या ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक बटालियन चिनी फौजेने घेरली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी आपल्या वरच्या अमेरिकन सेनापतीला परिस्थिती कळवली: ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी.’ जरा अवघड आहे. इंग्रज कानाला याचा अर्थ ‘आम्ही संपत चाललोय’ असा. अमेरिकन कानाला वाटलं, जरा अवघड आहे पण निभावतील. माघारीचा हुकूम वेळेवर निघाला नाही, असं सांगतात. बटालियनमधले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले.

ऑफिसात जीव जात नाही, पण घोटाळा त्याच जातीचा. ‘यावर पुन्हा एकदा नजर टाकाल का’ म्हणजे परत करा. ‘माझे एकदोन बारीक मुद्दे आहेत’ म्हणजे पानभर लाल शाई. ‘मी लक्षात ठेवीन’ म्हणजे विसरलो. ‘पूर्ण आदर ठेवून सांगतो’ म्हटल्यावर आदर संपलेला असतो. आणि सुरुवातीचा प्रश्न: ‘नॉट बॅड’ बहुधा शाबासकी असते, खूश व्हा. ‘क्वाइट गुड’ फसवं आहे. अमेरिकन माणूस ते कौतुकाने म्हणतो, इंग्रज म्हणतो तेव्हा ‘ठीक’ इतकंच. ‘क्वाइट’वर जोर असेल तर ठीकही नाही.

तिथल्या सरकारी रुग्णालयांत काम करणाऱ्या आपल्या डॉक्टर-नर्सना हे पहिल्या दिवसापासून लागतं. ऐंशीच्या आजी ‘तुम्हाला उगाच त्रास, जरा दुखतंय इतकंच’ म्हणतात, तेव्हा ते ‘जरा’ मोजायला शिकावं लागतं. ब्रिटनमध्ये काम करू पाहणाऱ्या परदेशी डॉक्टरांच्या प्लॅब परीक्षेचा दुसरा टप्पा सोंग घेतलेल्या रुग्णांसमोर होतो. तिथे रोगनिदानाबरोबर बोलण्या-ऐकण्यालाही गुण असतात.

### हा ढोंगीपणा नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. मनात एक आणि तोंडावर एक, मग सरळ बोलणारा आपला माणूस बरा.

पण ढोंगात कुणीतरी फसावं लागतं. दोन इंग्रजांत ‘भेटू एकदा जेवायला’ होतं तेव्हा दोघांनाही ठाऊक असतं, की तारीख निघालेली नाही म्हणजे आमंत्रण नाही. डायरी उघडून ‘पुढचा गुरुवार चालेल?’ म्हटलं की ते खरं. पुणेकरांना तर हे समजवायला नको. ‘या एकदा घरी’ म्हणजे कधी, हे तिथे शाळकरी पोरालाही कळतं.

तरी आक्षेप अर्धा खरा आहे, असं मला वाटतं. संकेत दोघांना माहीत असेल तर तो शिष्टाचार. एकालाच माहीत असेल तर नुकसान न जाणणाऱ्याचं होतं, आणि ऑफिसात न जाणणारा बहुधा नवा, परदेशी आणि खालच्या पायरीवरचा असतो. साहेबाने अस्पष्ट बोलायचं आणि कनिष्ठाने अर्थ लावायचा, ही वाटणी काही न्यायाची नाही. अशा वेळी ‘म्हणजे हे मी बदलून शुक्रवारपर्यंत देऊ का?’ असं सरळ विचारावं. नवख्याच्या सरळपणाला इंग्रज सहसा माफ करतो, आणि मनातून सुटकेचा निःश्वासही टाकतो.

### सगळेच इंग्रज असे असतात?

अर्थात नाही. यॉर्कशर-लँकशरमध्ये बसथांब्यावर अनोळखी बाई तुम्हाला स्वतःच्या ऑपरेशनची कथा सांगेल. न्यूकासलला दुकानदार ‘पेट’ म्हणेल, डर्बी-स्टोककडे ‘डक’, ब्रिस्टलमध्ये तर ‘माय लव्हर’; यात काहीही सूचित नसतं, सुटे पैसे घेऊन निघावं. लंडनबाहेर बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणायची रीत अजून घट्ट आहे. खुद्द लंडनमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार दहातले चार लोक देशाबाहेर जन्मलेले, त्यामुळे तिथे एकच एक इंग्रजी रीत शोधायला जाऊ नये.

आणि वर्ग. अॅलन रॉस या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९५४ मध्ये वरच्या वर्गाचे शब्द आणि इतरांचे शब्द यांची फारकत मांडली आणि सगळा देश स्वतःची जीभ तपासू लागला. नीट ऐकू आलं नाही तर ‘पार्डन?’ म्हणणं आपल्याला सभ्यपणाचं वाटतं. त्या काळच्या उमरावाला ते हलकं वाटे, तो सरळ ‘व्हॉट?’ म्हणे. आज याची धार बरीच बोथट झालीय, गेलेली नाही.

### आणि जो एकटा पडतो त्याचं काय?

दुसऱ्याच्या वाटेत न येण्याची किंमतही आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये लंडनमधल्या एका अमेरिकन माणसाने भुयारी रेल्वेत ‘ट्यूब चॅट?’ लिहिलेले बिल्ले वाटले: लावा आणि सहप्रवाशांशी बोला. शहर हादरलं. लोकांनी समाजमाध्यमांवर इतकी हाय खाल्ली, की जणू गाड्याच बंद होणार होत्या; ‘गप्प बसा’ अशा अर्थाचे उलटे बिल्लेही निघाले.

त्याच देशाने जानेवारी २०१८ मध्ये एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. २०१६ मध्ये हत्या झालेल्या खासदार जो कॉक्स यांनी हा विषय लावून धरला होता. त्यांच्या नावाच्या आयोगाच्या शिफारशीनंतर तेव्हाच्या पंतप्रधान टेरेसा मे यांनी ट्रेसी क्राउच यांच्याकडे ही जबाबदारी दिली. मँचेस्टरजवळच्या ओल्डममध्ये २०१७ पासून काही कॅफेंत ‘गप्पांचं टेबल’ ठेवायला सुरुवात झाली आणि ती कल्पना देशभर पसरली. तिथे बसलेला माणूस बोलायला तयार आहे, असं आधीच जाहीर असतं. हा तोडगा मला फार इंग्रजी वाटतो. शेजाऱ्याशी बोलायची परवानगी पाटी लावून मिळते, म्हणजे कुणी कुणाच्या वाटेत आल्याचा प्रश्नच उरत नाही.

शिकागोच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रवाशांना मुद्दाम शेजाऱ्याशी बोलायला लावून पाहिलं होतं. लोकांना आधी वाटलं, प्रवास कंटाळवाणा होईल. झाला उलट, जास्त छान. पुढे लंडन परिसरातल्या गाड्यांमध्येही असंच दिसलं. बोलायला कुणालाच वाईट वाटत नाही, सुरुवात करायची भीती वाटते.

### मग आपण काय करायचं?

स्वभाव बदलायची गरज नाही. काही गोष्टी मात्र लगेच उपयोगी पडतात. चहा किंवा खाणं पुढे आलं आणि हवं असेल, तर पहिल्याच वेळी हो म्हणा. आपल्या सवयीने ‘नको नको’ म्हणालात तर यजमान तुमच्या इच्छेचा मान राखून बशी परत नेईल, आग्रह होणार नाही आणि तुम्ही उपाशी घरी याल. पबमध्ये कुणी सगळ्यांसाठी पेयं आणली, तर पुढची फेरी कधीतरी तुमची. संत्र्याचा रस पीत असलात तरी.

प्रश्न विचारण्याऐवजी स्वतःबद्दल थोडंसं सांगा आणि थांबा. ‘मुलाच्या शाळेने आज वैताग आणला’ एवढं म्हटलं, की समोरच्याला हवं असेल तर तोही आपल्या मुलांचं सांगेल, नसेल तर ‘ओ डिअर’ म्हणून निघून जाईल. सांगताना बढाई नको. पोरगी पहिली आली असली तरी तिच्या पसाऱ्याची तक्रार आधी करा. तक्रार हे तिथलं उत्तम वंगण आहे: उशिरा येणारी गाडी, रस्त्यावरचे खड्डे, पार्किंग. फक्त तक्रार थट्टेच्या सुरात हवी, आणि त्यावर उपाय सुचवायचा नाही. उपाय सुचवलात तर विषय संपतो.

आणि शेजाऱ्याशी हवेच्या पुढे जायचं असेल, तर कचऱ्याच्या डब्यांबद्दल विचारा. या आठवड्यात कुठला बाहेर ठेवायचा? रंग प्रत्येक नगरपालिकेचे वेगळे, आठवडे आलटून पालटून, आणि मध्ये ‘बँक हॉलिडे’, म्हणजे सार्वजनिक सुट्टी आली की सगळं एक दिवस पुढे सरकतं. त्याची स्वतःचीही खात्री नसते, त्यामुळे तो कुंपणाशी येऊन दहा मिनिटं उभा राहतो.